खेळ कुणाचा, नियम कुणाचे

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, अमेरिकेतल्या अलास्का राज्यातल्या आदिवासींनी पुढाकार घेऊन उभा केलेला 'नेव्हर अलोन' हा व्हिडिओ गेम जगभर विक्रीला आला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण पालघर जिल्ह्यात सुमारे ३७ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, ठाकूर अशा घरांतली मुले आज मोबाइलवर गेम खेळत मोठी होत आहेत. त्यांच्या हातातल्या पडद्यावर त्यांच्यासारखे कोण दिसते, आणि दिसले तर ते कुणाच्या सांगण्यावरून, हा प्रश्न अलास्काच्या त्या खेळाने ज्या रीतीने सोडवला, ती रीत पालघरने नीट समजून घ्यावी अशी आहे.

तारापूर एमआयडीसीतली पाळी सुटायच्या वेळी बोईसर स्टेशनाबाहेर, रिक्षा स्टँडवर, चाळींच्या ओट्यांवर पोरे मोबाइल आडवा धरून बसलेली दिसतात. मोबाइल आडवा दिसला की गेम चालू आहे हे ओळखावे. बहुतेक वेळा बीजीएमआय, नाहीतर फ्री फायर मॅक्स. त्या घोळक्यात पाड्यावरचा वारली मुलगा असतो, किनाऱ्यावरचा मांगेला असतो आणि कारखान्यातल्या कामासाठी उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कुटुंबातलाही असतो. बीजीएमआयमधल्या 'एरांगेल' या काल्पनिक बेटाचा कोपरा न् कोपरा त्यांना पाठ असतो. कुठल्या घरात बंदूक सापडते, कुठल्या टेकडीमागे लपता येते, हे ते झोपेतही सांगतील. त्या बेटावर मात्र त्यांच्या घरासारखे घर नाही, त्यांच्या बोलीतला एक शब्द नाही.

म्हणून त्यांना मजा येत नाही असे मुळीच नाही. अमेरिकन अभ्यासक ॲड्रिएन शॉ यांनी 'गेमिंग ॲट द एज' या २०१४च्या पुस्तकासाठी वेगवेगळ्या वंचित गटांतल्या खेळाडूंशी बोलून पाहिले. आपल्यासारखे पात्र असेल तरच माणसे खेळात रमतात असे त्यांना आढळले नाही. माणूस परक्या पात्रातही जीव ओततो. मग पडद्यावर कोण दिसते याने बिघडते काय? बिघडते ते असे की, नायक व्हायची लायकी कुणाची, हे खेळ न बोलता सगळ्यांना सांगत राहतो. ज्याचे चित्र नाही त्यालाही सांगतो आणि त्याच्या शेजाऱ्यालाही. २००९ साली दिमित्री विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत खपणाऱ्या १५० खेळांतल्या पात्रांची मोजणी केली. गोरे, प्रौढ पुरुष लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त दिसले. बायका, मुले, म्हातारी माणसे कमी. तिथले मूळ रहिवासी जिथे दिसले तिथे दुय्यम भूमिकेत. खेळाडूने चालवायचे मुख्य पात्र एकदाही मूळ रहिवासी नव्हते.

नियमांतून बोलणारे माध्यम

कादंबरीत, सिनेमात माणसाची ओळख वर्णनातून, संवादातून, चेहऱ्यातून येते. खेळात ती नियमांतून येते. पात्राला काय करता येते, काय करता येत नाही, कशाला गुण मिळतात, कशाची शिक्षा होते, यावरून खेळाडूला ते पात्र कळते. अमेरिकन अभ्यासक इयन बोगॉस्ट यांनी २००७ मध्ये 'पर्स्युएसिव्ह गेम्स' या पुस्तकात हाच मुद्दा मांडला. खेळ युक्तिवाद करतो, आणि त्याचा युक्तिवाद नियमांच्या रचनेत असतो.

ही गोष्ट आपल्याला नवी वाटू नये. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेला मोक्षपट हेच करत होता. पटावरच्या शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. कवड्या टाकत वर चढणाऱ्या मुलाला नीतीवर प्रवचन द्यावे लागत नसे. सापाच्या तोंडी पडले की पाप कसे खाली ओढते ते अंगाला कळत असे. अमेरिकेत लिझी मॅगी या बाईंनी १९०४ साली 'लँडलॉर्ड्स गेम' या खेळाचे पेटंट घेतले. जमीन थोड्यांच्या हाती गेली की भाडे भरणारे कसे नागवले जातात, हे दाखवण्यासाठी तो होता. त्यातूनच पुढे मोनोपॉली आला आणि दुसऱ्याला दिवाळखोर करणे हाच जिंकण्याचा मार्ग ठरला. पट जवळपास तोच राहिला, पण नियमांमागचा हेतू बदलला आणि खेळाची शिकवण उलटी झाली.

मराठी वाचकाला हे आपल्या साहित्यावरून चटकन उमगेल. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली. त्याआधी मराठीत दलित आणि भटक्या माणसांबद्दल लिहिले गेले नव्हते असे नाही. पण या पुस्तकांत बोलणारा 'मी' आतला होता, आणि मराठी वाचकाला त्या 'मी'च्या नजरेने आपल्याच गावाकडे पाहावे लागले. व्हिडिओ गेम आणखी एक पाऊल पुढे जातो. तो वाचकाला म्हणतो, आता तू चाल. समोर रस्ता आहे, पण तुला तो वापरायची मुभा नाही. काय करशील?

या ताकदीचा सगळ्यात स्वच्छ नमुना म्हणजे अलास्काचा खेळ.

नुना आणि तिचा कोल्हा

अलास्कातल्या अँकरेज शहरात 'कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल' ही आदिवासींची संस्था आहे. शिक्षण, रोजगार, कुटुंबांना आधार अशी तिची कामे. सरकारी अनुदानावरचे अवलंबन कमी करणारा आणि तरुण पिढीला आपल्या गोष्टींशी जोडणारा एखादा व्यवसाय संस्थेला हवा होता. त्यातून 'अप्पर वन गेम्स' ही कंपनी निघाली आणि ई-लाइन मीडिया या खेळ बनवणाऱ्या कंपनीला तिने भागीदार करून घेतले. इन्यूपियाक जमातीतले जवळपास चाळीस जाणते, कथेकरी आणि इतर लोक या कामात सहभागी झाले.

खेळाची गोष्ट रॉबर्ट नासरुक क्लीव्हलँड या कथेकऱ्याने सांगितलेल्या एका जुन्या कथेवर उभी आहे. थांबता थांबत नाही अशा हिमवादळाचा उगम शोधायला एक मूल निघते. कथा वापरण्याआधी चमूने क्लीव्हलँड यांच्या कन्येची, मिनी ग्रे यांची, परवानगी घेतली. मूळ कथेतला मुलगा खेळात नुना नावाची मुलगी झाला, तोही सगळ्यांशी बोलून.

आता नियमांकडे पाहू. खेळाडूला दोन पात्रे चालवायची असतात, नुना आणि एक पांढरा कोल्हा. नुनाजवळ दोरीला वजन बांधलेले 'बोला' हे फेकायचे हत्यार असते, तिला शिडी चढता येते, ओझी ढकलता येतात. कोल्हा अरुंद भेगांतून जातो, उंच उडी मारतो, आणि तो जवळ आला की एरवी न दिसणारे आत्मे दिसू लागतात. ते आत्मे पायाखाली आधार देतात, वर उचलून घेतात. एकट्या नुनाला पुढे जाता येत नाही, एकट्या कोल्ह्यालाही नाही. दोघांपैकी एक मेला की दोघांनाही मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. जोराचा वारा सुटला की धावणे मूर्खपणाचे ठरते. अंग आखडून जमिनीला चिकटून राहणे हाच शहाणपणा.

माणूस, प्राणी आणि निसर्ग एकमेकांवाचून जगत नाहीत, हे इन्यूपियाक लोकांचे जगणे. खेळात ते कुणी भाषणातून सांगत नाही. खेळाडू चुकतो, पडतो, आणि त्यातून शिकतो. निवेदन इन्यूपियाक भाषेत आहे, खाली इंग्रजी उपशीर्षके. खेळता खेळता छोटे माहितीपट खुले होत जातात. त्यांत त्या जमातीची खरी माणसे बर्फाबद्दल, शिकारीबद्दल, वाटून खाण्याबद्दल बोलतात. २०१५ साली या खेळाला पदार्पणातल्या सर्वोत्तम खेळाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

हीच वाट पुढे इतरांनी धरली. मेक्सिकोतल्या चिवावा प्रांतातल्या 'लिएन्झो' या कंपनीने तिथल्या ताराहुमारा आदिवासींच्या कथांवर 'मुलाका' हा खेळ २०१८ मध्ये आणला. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा 'चिया' २०२३ मध्ये आला. त्यातली पात्रे तिथल्या द्रेहू भाषेत बोलतात.

जमीन गेली तेव्हा

पालघरला सगळ्यात जवळचा वाटावा असा खेळ मात्र वेगळा आहे. अमेरिकेत १९७१ साली 'ओरेगॉन ट्रेल' हा शाळकरी मुलांसाठीचा खेळ तयार झाला आणि पुढच्या कित्येक पिढ्या तो खेळल्या. त्यात खेळाडू बैलगाडीतून पश्चिमेकडे नवी जमीन वसवायला निघतो. ती जमीन आधी कुणाची होती, हे खेळ विचारत नाही.

२०१९ साली एलिझाबेथ लापेन्से यांच्या नेतृत्वाखाली 'व्हेन रिव्हर्स वेअर ट्रेल्स' हा खेळ तयार झाला. आदिवासींच्या जमिनीसाठी काम करणारी इंडियन लँड टेन्युअर फाउंडेशन ही संस्था त्यामागे होती, आणि अनेक मूळ रहिवासी लेखकांनी त्यातले प्रसंग लिहिले. काळ १८९०च्या दशकाचा. समाईक जमिनीचे तुकडे पाडून वाटणाऱ्या १८८७च्या कायद्यामुळे मिनेसोटातली आपली जमीन गमावलेला अनिशिनाबे जमातीचा माणूस पश्चिमेकडे निघतो, तो खेळाडूने चालवायचा. वाटेत वेगवेगळ्या जमातींची माणसे भेटतात, सरकारी एजंट आडवे येतात. शरीर, मन, भावना आणि आत्मबळ या चारही गोष्टी सांभाळाव्या लागतात; नुसते पोट भरून भागत नाही. त्या कायद्याने काय केले ते आकड्यांत सांगायचे तर १८८७ मध्ये अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांकडे सुमारे १३.८ कोटी एकर जमीन होती, १९३४ पर्यंत ती ४.८ कोटी एकरांवर आली.

पालघरच्या माणसाला ही गोष्ट परकी नाही. इथल्या वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या घशात गेल्या आणि त्याच जमिनीवर ते वेठीला लागले. लग्नासाठी कर्ज काढले की नवरा-बायको दोघे सावकाराचे 'लग्नगडी' होत. त्या वेठीविरुद्ध १९४५ मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली वारली उठले, आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासींनी प्राण दिले. गोदावरी परुळेकरांनी हा लढा 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात मांडला आणि त्याला १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नंतरच्या काळातही या पट्ट्याने पुष्कळ दिले. तारापूर अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले. तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. आता वाढवण बंदर आहे, बुलेट ट्रेन आहे. २००६च्या वनहक्क कायद्याखालच्या दाव्यांची कागदपत्रे घेऊन माणसे अजून कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतात.

पालघरची ही कथा 'ओरेगॉन ट्रेल'च्या नियमांनी सांगितली तर तिला विकासाची वाटचाल म्हणतील. लापेन्से यांच्या नियमांनी सांगितली तर ती गमावलेल्या जमिनीची आणि तरीही टिकून राहिलेल्या माणसांची होईल. दोन्ही खेळांतला नकाशा एकच असू शकतो. गाडीत कोण बसले आहे आणि वाटेवरून कोण हटवले गेले आहे, एवढा फरक.

आपल्याकडे काय घडले

महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण पुण्याचे. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या पुण्यातल्या छोट्या कंपनीने २०२० मध्ये 'राजी: ॲन एन्शन्ट एपिक' हा खेळ आणला आणि त्याच वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या खेळांच्या नामांकनांत तो पोहोचला. राजी ही कसरती करून पोट भरणारी मुलगी. असुरांनी पळवून नेलेल्या आपल्या भावाला, गोलूला, ती शोधते आहे. तिची जात-जमात खेळ सांगत नाही. पण भिंतीवर धावणे, खांबाला धरून गिरकी घेणे, काठीच्या टोकावर अंग तोलणे या तिच्या हालचाली पाहून मराठी माणसाला दोरीवरून चालणारी डोंबाऱ्याची पोर आठवल्याशिवाय राहत नाही. गावोगाव फिरणाऱ्या भटक्या समाजांची जी कला आपण रस्त्यावर उभे राहून पाहिली आणि दोन नाणी टाकून पुढे गेलो, तीच इथे नायिकेची शक्ती आहे. ही मोठी गोष्ट आहे.

कोलकात्यात छायाचित्रकार लीना केजरीवाल यांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये 'मिसिंग' हा मोबाइल गेम निघाला. देहविक्रयासाठी विकलेल्या मुलीच्या जागी खेळाडूला ठेवले जाते. कुणावर विश्वास ठेवायचा, कधी पळायचे, असे निर्णय घ्यायचे असतात, आणि समोरचे पर्याय किती तोकडे आहेत हे हळूहळू लक्षात येते. टोरांटोतल्या 'विसाई गेम्स'चा 'वेणबा' २०२३ मध्ये आला. कॅनडात स्थायिक झालेली एक तमिळ आई, आणि तमिळपासून दुरावत चाललेला तिचा मुलगा. आईच्या आईची पाककृतींची वही फाटलेली, अक्षरे पुसट झालेली. राहिलेल्या ओळींवरून कृतीचा क्रम जुळवत इडली, बिर्याणी करायची, हाच खेळ. परदेशातल्या मराठी घरांतही हा प्रसंग जसाच्या तसा घडतो. 'वेणबा'लाही पदार्पणाचा बाफ्टा मिळाला, २०२४ साली.

पालघरकडे अशा खेळांसाठीचे भांडवल कमी नाही. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रे लग्नघराच्या भिंतीवरून कागदावर आणि जगभरच्या दालनांत नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन आणि पांढरी रेषा एवढ्यावर उभी असलेली ही शैली दुमितीय खेळासाठी जणू तयारच आहे. आणि धोकाही नेमका इथेच आहे.

नक्षी आणि माणूस

वारली नक्षी आज पडद्यांवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर, रेल्वे स्थानकांवर सगळीकडे आहे. नक्षी सर्वत्र पोहोचली, वारली माणूस मात्र बातमीत आला तो बहुधा कुपोषणाच्या. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालके दगावली, तेव्हापासून जव्हार-मोखाडा म्हटले की बाहेरच्यांना एवढेच आठवते. उद्या एखाद्या कंपनीने वारली आकृत्यांना उड्या मारायला लावून नाणी गोळा करणारा खेळ काढला, तर तो देखणा असेल. वारली माणसाबद्दल तो काहीही सांगणार नाही.

लिसा नाकामुरा या अभ्यासकाने १९९५ साली, इंटरनेट अजून बाळबोध असताना, दुसऱ्या वंशाची ओळख मौजेखातर पांघरून फिरण्याच्या वृत्तीला ओळखीचे पर्यटन म्हटले होते. पर्यटक चार घटका फिरतो, फोटो काढतो आणि आपल्या घरी परततो. दोन तास कातकरी मुलीचे पात्र चालवून कातकऱ्यांचे जगणे समजले असे वाटणे, हा त्यातलाच प्रकार. चांगला खेळ असे समाधान देत नाही. तो खेळाडूला प्रश्न देऊन सोडतो.

आणखी एक गोष्ट पालकांनी आणि शिक्षकांनी लक्षात घ्यावी. ओळख पडद्यावरच्या पात्रापुरती नसते. खेळताना मुले माइकवरून एकमेकांशी बोलतात. किशोना ग्रे या अभ्यासकाने एक्सबॉक्सवर खेळणाऱ्या कृष्णवर्णीय खेळाडूंचा अभ्यास केला. आवाज आणि लकब कानावर पडताच त्यांना ओळखून शिवीगाळ केली जाई. पात्राचा चेहरा काहीही असो, बोली लपत नाही. आपल्याकडेही बोलण्यावरून हसणे, 'जंगली' म्हणणे, जातीवरून बोलणे हे गटागटांत चालते. मुले मग माइक बंद करून खेळतात किंवा बोली टाकून देतात. वर्गात आपण जे खपवून घेत नाही, ते खेळाच्या माइकवरही खपवून घ्यायचे कारण नाही.

पालघरचा खेळ कसा असेल

इथल्या जगण्यात खेळाचे नियम आधीपासून आहेत, ते ओळखायला हवेत.

तारपा घ्या. सुकलेल्या भोपळ्याचे, बांबूचे आणि ताडाच्या पानांचे हे वाद्य. वाजवणारा मधे, आणि एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरणारी नाचणाऱ्यांची साखळी. वादकाने चाल बदलली की साखळीला पाऊल बदलावे लागते. तारप्याकडे पाठ करायची नाही. साखळी तुटू द्यायची नाही. या नाचात जिंकणारा नाही आणि हरणाराही नाही. सगळ्यांनी मिळून ताल राखायचा. शंभर जणांतून एकटा उरलेला विजयी ठरवणाऱ्या बीजीएमआयच्या अगदी उलट टोकाचा हा नियम आहे. जगातल्या कुठल्याही मुलाला तो नवा वाटेल.

वाघोबा घ्या. गावाच्या वेशीवर दगडात किंवा लाकडात कोरलेला वाघ, शेजारी चंद्र-सूर्य. वारली त्याला पुजतात, वाघबारस पाळतात, नवस फेडतात. नेहमीच्या खेळात वाघ दिसला की गोळी घालायची असते. इथे त्याचा वाटा देऊन, त्याची हद्द ओळखून त्याच्यासोबत राहायचे असते.

आणि वीटभट्टी घ्या. दिवाळी सरली की कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे वसई, भिवंडी, वाड्याकडच्या भट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. जाण्याआधी मालकाकडून बयाणा घेतलेला असतो. हंगामभर विटा पाडायच्या, आठवड्याला खर्चीपुरते पैसे, आणि शेवटी हिशेब. त्यात बयाणा फिटत नाही. उरलेले पुढच्या वर्षाच्या खात्यावर. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने बंद झाली, हिशेबाची वही मात्र चालूच राहिली. खेळाच्या भाषेत हा जिंकता न येणारा डाव आहे. खेळाडू कितीही झपाट्याने विटा पाडो, वहीतला आकडा शून्यावर येत नाही. बाहेर पडायचे तर डावाबाहेरचे काही करावे लागते: हिशेब लिहिता-वाचता येणे, संघटना, तक्रार. विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच्या मुलांसाठी भोंगा शाळा काढल्या त्या याच कारणाने. भट्टीचे हे चक्र शहरातल्या मुलाला शंभर लेख वाचून समजणार नाही इतके एका डावात समजेल.

मात्र काय दाखवायचे आणि काय नाही, हे ठरवणारी माणसे पाड्यातली हवीत. लग्नचौक लिहिणाऱ्या सवासिनी, लग्न लावणारी धवलेरी, तारपा वाजवणारे जाणते यांना विचारल्याशिवाय त्यांचे विधी खेळात आणणे ही चोरीच. काही गोष्टी दाखवायच्या नाहीत असे त्यांनी म्हटले, तर तो नकारही खेळाच्या रचनेचा भाग मानावा. अलास्कात परवानगी आधी आणि चित्र नंतर असा क्रम होता. उत्पन्नातही जमातीची संस्था वाटेकरी होती.

साधने हाताशी आहेत

असा खेळ करायला कोट्यवधी रुपये लागतात हा समज खरा नाही. २००९ साली क्रिस क्लिमास यांनी केलेले 'ट्वाइन' हे मोफत साधन वापरून, प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही वाटा-फाट्यांची शब्दखेळ-गोष्ट रचता येते. 'गोडो' हे खेळ बनवण्याचे साधनही मोफत आणि मुक्त आहे. 'पॉकेट कोड' तर मोबाइलवरच चालते. छोट्या खेळातूनही किती सांगता येते ते पाहा. २०१२ मध्ये ॲना ॲन्थ्रॉपी या ट्रान्स स्त्रीने 'डिसफोरिया' नावाचा छोटासा खेळ केला. दहा-पंधरा मिनिटांत संपणारा, अगदी साध्या चौकटींचा. पहिल्याच दृश्यात एक वेडावाकडा ठोकळा भिंतीतल्या भगदाडातून न्यायचा असतो आणि तो काही केल्या जात नाही, कारण भगदाडाचा आकारच वेगळा. आपल्या शरीरात न मावण्याचा अनुभव तिने एका ठोकळ्यात सांगितला. मराठीत साठच्या दशकात लघुनियतकालिकांनी जे केले, चक्रमुद्रणाच्या यंत्रावर चार पाने काढून प्रस्थापित मासिकांना जे जमले नव्हते ते बोलून दाखवले, तेच काम असे छोटे खेळ करतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स व सामाजिक, शैक्षणिक खेळांना प्रोत्साहन द्यायची तरतूद आहे. महाराष्ट्र सरकारनेही २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. ही धोरणे मुंबई-पुण्यात थांबता कामा नयेत. डहाणू आणि जव्हार या दोन्ही ठिकाणी आदिवासी विकास विभागाची प्रकल्प कार्यालये आहेत, त्यांच्याखाली आश्रमशाळा आहेत. एखाद्या आश्रमशाळेत दोन संगणक, एक उत्साही शिक्षक आणि गावातले एक जाणते आजोबा किंवा आजी एवढे जमले तरी पहिला खेळ होऊ शकतो. तारापूरच्या कारखान्यांना सामाजिक जबाबदारीचा निधी खर्च करायचा असतोच. दप्तरे आणि छत्र्या वाटण्याबरोबर हेही करून पाहावे.

आणि शिक्षकांना, पालकांना एक विनंती. मुलाच्या हातातला मोबाइल काढून घेण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसा आणि विचारा: हा खेळ तू केला असतास तर त्यात कोण असते, ते काय करू शकले असते, आणि नियम काय असते? उत्तर त्याच्याच बोलीत लिहून घ्या. पालघरच्या पहिल्या खेळाचा आराखडा तिथेच सुरू होईल.